जॉबरकाकांचं बीम

आमच्या ऑफिसात सगळ्यांत मोठ्याने बोलणारा माणूस सगळ्यांत कमी ऐकायचा. त्यांना सगळे जॉबरकाका म्हणत. लूमच्या कारखान्यात बिघडलेली लूम दुरुस्त करतो तो जॉबर, आणि काकांनी उधन्यातल्या एका कारखान्यात तीसेक वर्षं तेच केलं होतं. सुरतेत अशा कारखान्याला ‘खातं’ म्हणतात. खात्याच्या खडखडाटात ज्याची उमर गेली, तो घरात मीठसुद्धा ओरडूनच मागतो. काका फोनवर ‘हॅलो’ म्हणाले की खालच्या मजल्यावरचे एम्ब्रॉयडरीवाले जिन्यात येऊन वर बघायचे.

त्यांच्या कानात कायम कापसाचे बोळे असत. ऑफिसात एसीच्या घरघरीपलीकडे आवाज नाही, तरी बोळे. मी एकदा खुणेनेच विचारलं, तर म्हणाले, “काढले की डोकं उघडं पडल्यासारखं वाटतं.” त्यांच्या टेबलाला खुर्ची होती, पण तिच्यावर डबा बसायचा. काका दिवसभर उभे. “जॉबर बसला म्हणजे खातं बसलं,” हे त्यांचं ठरलेलं वाक्य. शर्टाच्या खिशात पेन नसून धागे ओढायचा एक बारीक हूक असायचा, आणि त्याने ते कीबोर्डच्या फटींतून शेवेचे तुकडे काढायचे.

आता असा माणूस क्लाउड सर्व्हरची परीक्षा घेण्याच्या कामावर कसा, हा प्रश्न पहिल्या दिवशी मलाही पडला. मी नुकतीच कॉम्प्युटरची पदवी घेऊन आले होते आणि त्या पदवीचा मला फार गर्व होता. आमची कंपनी लूमवर बसवायची एक छोटी डबी बनवते. लूम चालू आहे की बंद, किती विणलं गेलं, हे ती डबी सारखं कळवत राहते. ते सगळं जातं भाड्याने घेतलेल्या एका दूरच्या मशीनवर, आणि तिथून मालकाच्या मोबाइलवर हिरवे-लाल ठिपके होऊन येतं. हिरवा म्हणजे लूम चालू, लाल म्हणजे बंद. मालक लग्नाच्या पंगतीत बसला असला, तरी एका हाताने जिलबी खात दुसऱ्या हाताने कारीगराला झापू शकतो.

कंपनीने पहिल्या डब्या काकांच्याच खात्यात बसवून पाहिल्या होत्या. बसवायला काका. डबी खोटं सांगतेय हे ओळखायलाही काका. पुढे ते खातं बंद पडलं, तेव्हा आमच्या शेठने त्यांना फिटिंगच्या कामाला घेतलं. आमचा शेठ म्हणजे तिशीतला गुजराती मुलगा, मनाने चांगला आणि निर्णयाला कच्चा. एक दिवस काकांनी त्याला विचारलं, “डबीची माहिती जाते कुठे?” शेठ म्हणाला, “क्लाउडमां, काका. भाडानुं मशीन.” काका म्हणाले, “कुणी पाहिलंय ते मशीन?” कुणीच पाहिलं नव्हतं. ते कुठल्या गावात आहे तेही कुणाला माहीत नव्हतं. “अरे बापरे,” काका ओरडले, “सोयरीक जमवली आणि पोरगी पाहिली नाही?” त्या दिवसापासून भाड्याचं मशीन निवडण्याचं काम त्यांच्याकडे आलं.

ही भाड्याची मशिनं शेकडो प्रकारांची असतात. कुणाचं डोकं जलद, कुणाची स्मरणशक्ती मोठी, कुणाचं भाडं कमी. त्यांची नावं अक्षर-आकड्यांची, बसच्या नंबरप्लेटसारखी. काकांना ती नावं लक्षात राहत नसत. त्यांनी आपली नावं ठेवली. खूप आठवण ठेवणाऱ्या मशीनचं नाव ‘सासू’. नुसती ताकद असलेलं ते ‘पैलवान’. एक प्रकार फार स्वस्त मिळतो, पण भाड्याने देणारा तो दोन मिनिटांच्या सूचनेवर परत काढून घेऊ शकतो. ते ‘उसना बैल’. मधल्या ताकदीचं, ना फार जलद ना फार सुस्त, ते ‘नोकरदार’. सहा महिन्यांत अख्खं ऑफिस हीच नावं वापरायला लागलं. एकदा शेठने ग्राहकासमोर फोनवर “सासू बंद करून पैलवान चालू करा” असं सांगितलं, तेव्हा ग्राहक जरा सरकून बसला.

माझी त्यांची पहिली गाठ ‘जावया’वरून पडली. पहिल्याच आठवड्यात शेठने मला एका नव्या, स्वस्त मशीनची तुलना आमच्या चालू मशीनशी करायला सांगितली. मी वीस मिनिटं दोन्ही मशिनं पळवली, निळ्या-केशरी रेघांचा सुंदर आलेख काढला आणि जाहीर केलं, नवं मशीन स्वस्त आणि वर जलद. शेठ खूश. काका पाठीमागे उभे होते. त्यांनी आलेख बराच वेळ पाहिला आणि ऑफिसभर ऐकू जाईल असं विचारलं, “काय वं पोरी, कोनता गावनी शे तू?”

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. आमचं घर अमळनेरकडचं, घरात अहिराणी. पण ऑफिसात मी गुजराती बोलायचे आणि मला वाटायचं की कुणाला पत्ता लागत नाही. मी हळूच गाव सांगितलं. काकांना ते अर्थातच ऐकू आलं नाही, पण ओठांवरून कळलं. खात्यात माणसं अशीच बोलतात, ओठ वाचून आणि बोटांच्या खुणांनी. काका खूश झाले आणि माझ्या आलेखावर बोट ठेवून म्हणाले, “वीस मिनिटमा काय समजस? पाळी काढू दे त्याले.”

पाळी म्हणजे बारा तास. सकाळी सात ते संध्याकाळी सात. माझा राग नाकावर आला होता, तरी लावलं मशीन. सकाळभर ते हरणासारखं पळालं आणि मी काकांकडे मुद्दाम बघत राहिले. दुपारी एकच्या सुमारास ते मंदावलं आणि तीनपर्यंत पार बसलं. मग मी कागदपत्रं नीट वाचली, जी आधी वाचायला हवी होती. त्या प्रकारच्या मशीनकडे साठवलेला दम असतो. रिकामं असताना दम साठतो, काम आलं की खर्च होतो, आणि दम संपला की मशीन रांगायला लागतं. काकांनी कागदपत्रं वाचली नव्हती. ते एवढंच म्हणाले, “जावई. पहिल्या दिवशी विहिरीवरून पाणीपण आणतो.”

ते मशीन विकणाऱ्या कंपनीचा माणूस एकदा ऑफिसात आला होता. टाय, रंगीत चित्रं, गोड हिंदी. काकांनी त्याला एकच विचारलं, बारा तासांनंतर हे कसं चालतं? तो म्हणाला, “सर, ते तुमच्या वापरावर अवलंबून आहे.” काका माझ्याकडे वळले आणि आपण कानात बोलतोय अशा समजुतीने ओरडले, “हाऊ मशीन ईकस, चालाडस नही!” हा विकतो, चालवत नाही. तो बिचारा लाल झाला. निघाला नंदुरबारचा, अहिराणी समजणारा. जाताना जिन्यात मला म्हणाला, “ताई, काकांचं खरंय.”

काकांची परीक्षा घेण्याची रीत अशी. नवी लूम आली की खात्यात तिच्यावर वेगळं सूत लावून बघत नाहीत. जुन्या लूमवर जे बीम चाललंय तसंच बीम, तेच सूत, तोच कारीगर, आणि पूर्ण पाळी. बीम म्हणजे ताण्याचे, म्हणजे उभे, धागे गुंडाळलेला तो मोठा रूळ. “सूत बदललं की लूमची चूक सुताच्या नावावर जाते,” काका म्हणायचे. सर्व्हरसाठीही त्यांच्याकडे एक बीम होतं. त्यांच्या बंद पडलेल्या खात्यातल्या अठ्ठेचाळीस लूमची एका दिवसाची पूर्ण माहिती त्यांनी जपून ठेवली होती. कोणती लूम किती वाजता चालू झाली, कधी थांबली, किती विणलं, सगळं. कुठलंही नवं मशीन आलं की मी तीच पाळी त्याच्यावर जशीच्या तशी चालवायची, घड्याळाप्रमाणे, सातला सुरू करून. मी म्हटलं, आपण ती दसपट वेगाने पळवू, तासाभरात निकाल. काकांनी माझ्याकडे असं पाहिलं की मी पुन्हा विषय काढला नाही.

आणि एक दिवस पुरत नसे. तीन दिवस लागत. मी त्यांना सांगितलं होतं की एका मोठ्या मशीनचे भाग करून वेगवेगळ्या भाडेकरूंना देतात, आणि शेजारच्या भाडेकरूने फार काम काढलं की कधीकधी आपलं मंदावतं. मला वाटलं समजावताना माझा घाम निघेल. काकांनी अर्ध्या वाक्यात हात वर केला. “समजलं. लिंबायतची चाळ. शेजारणीने मोटर लावली की आपला नळ कोरडा.” निकाल ते साडीच्या खोक्यांच्या झाकणांवर लिहीत आणि खिळ्याला लटकवत. ‘दमदार.’ ‘तिसऱ्या प्रहरी झोपतं.’ ‘शनिवारी शेजारी वाईट.’ आमची ती भिंत एखाद्या वैद्याच्या दवाखान्यासारखी दिसायची.

पण सगळ्यांत विचित्र होता तो खोका. आवाज नसलेलं मशीन काकांना सहनच होत नसे. “आवाज नाही तर दुखणं कळणार कुठून?” म्हणून त्यांनी लाकडी खोक्यात एक जुना स्पीकर बसवला आणि माझ्याकडून एक छोटा प्रोग्राम लिहून घेतला. लूमकडून माहिती गेली आणि सर्व्हरने ती घेतली, की खोका ‘ठक’ करायचा. मशीन तल्लख असलं की ठकठक एका तालात. दमलं की ताल अडखळायचा. काका त्याच्यावर तळहात ठेवून उभे राहायचे. कानांनी नाही, हाताने ऐकायचे. आणि माझ्या पडद्यावर आकडे घसरण्याआधी त्यांच्या कपाळाला आठी पडलेली असायची. अठ्ठेचाळीस लूमपैकी कुठलीही एक खोक्यावर लावता येई. काका नेहमी सतरा नंबर लावत. का, म्हणून विचारलं तर म्हणाले, “सतरा खोडकर शे.”

अकरा चाळीसला मात्र त्यांच्याशी बोलायची सोय नव्हती. अकरा चाळीसला सतरा नंबर बंद व्हायची आणि खोका गप्प होई. त्या दिवशीच्या पाळीत ती तशी बंद पडली होती, त्यामुळे प्रत्येक परीक्षेत त्याच मिनिटाला बंद पडायची. नऊ मिनिटांनी परत चालू. त्या नऊ मिनिटांत काका डोळे मिटून, हात खोक्यावर ठेवून उभे असत. चहा आला तरी थंड व्हायचा. आम्हाला वाटायचं, म्हातारा जप करतो.

त्यांनी ऑफिसला एक शिस्त लावली होती. खात्यात कापडात डाग दिसला की कारीगर लूम थांबवतो आणि एक हात वर करून उभा राहतो. ओरडून उपयोग नसतो. जॉबर लांबून हात बघतो आणि येतो. “डाग दिखना का हात वर,” काका सांगायचे, “नाहीतर एक डाग ताकाभर जातो.” ताका म्हणजे कापडाचा अख्खा गठ्ठा. आमच्याकडेही कुणाला चूक दिसली की हात वर करून उभं राहायचं. काका येईपर्यंत खाली घ्यायचा नाही. सुरुवातीला आम्ही हसलो, नंतर सवय झाली. शेठसुद्धा एकदा आपल्याच केबिनमध्ये हात वर करून उभा होता.

हे सगळं नव्या मॅनेजरांना बघवेना. ते अहमदाबादहून आले होते, हुशार होते आणि वाईट तर मुळीच नव्हते. त्यांना साडीची झाकणं खटकली, तीन दिवसांची परीक्षा खटकली, आणि डोळे मिटून उभा राहणारा, पदवी नसलेला माणूस सगळ्यांत जास्त खटकला. बाजारात तयार चाचण्या मिळतात, तासात निकाल देतात, हे त्यांचं म्हणणं. त्याच सुमाराला चलथाणच्या पुढे एका मोठ्या वॉटरजेट कारखान्याचं काम आलं. वॉटरजेट म्हणजे आडवा धागा धोट्याने न नेता पाण्याच्या फवाऱ्याने फेकणारी नवी, जलद लूम. मॅनेजरांनी शेठला स्पष्ट सांगितलं, “या ग्राहकासाठी काकांनी मशीन निवडावं. बरोबर ठरलं तर मी गप्प बसतो. चुकलं तर परीक्षा घेण्याचं काम त्यांच्याकडून काढायचं.” शेठने मान डोलावली. काकांना हे मी पाटीवर लिहून दाखवलं. त्यांनी वाचलं आणि म्हणाले, “ठीक. बीम लाव.”

दोन दिवस परीक्षा झाली. नोकरदार सगळ्यांत पुढे होता. तिसऱ्या दिवशी सकाळी मला त्या कारखान्यात डब्या तपासायला पाठवलं. मी सातला पोचले तेव्हा पाळी बदलत होती. कारीगर आपापल्या लूमजवळ उभे होते, पण लूम बंद. मग मागे कुठेतरी पाण्याचा पंप सुरू झाला, आणि एका क्षणात सगळ्या लूम एकदम चालू झाल्या. एकदम. पायाखालची जमीन हलली. काकांच्या खात्यात असं कधी होत नसे. तिथे कारीगर येईल तशी एकेक लूम चालू व्हायची, कुणी सातला, कुणी तंबाखू मळून सव्वासातला. आमच्या बिमात एकदम अशी लाट नव्हतीच. मला तिथे उभ्याउभ्या कळलं की आपण चुकीचं सूत लावून परीक्षा घेतोय.

परत आले तेव्हा अकरा पंचेचाळीस झाले होते. काका डोळे मिटून उभे होते, हात खोक्यावर. मी त्यांच्यासमोर उभी राहिले. हात वर करायचा होता. मी खरंच सांगते, हात कमरेपर्यंत आलाही होता. पण त्यांचा चेहरा असा होता की देवघरात बसलेल्या माणसाला हाक मारावी तसं वाटलं. त्या बंद पडलेल्या खात्यावर ते जीव टाकून होते आणि मी सांगणार होते की तुमचं खातं आता जगासारखं राहिलं नाही. मी विचार केला, नंतर सांगू. नोकरदारात थोडी जास्तीची ताकद असतेच, निभावेल. नऊ मिनिटं संपली, ठकठक सुरू झाली, काकांनी डोळे उघडले आणि म्हणाले, “काय वं, चहा लिनी का?” मी चहा आणला. हात वर केला नाही.

सोमवारी सकाळी सात वाजता त्या कारखान्यात पंप सुरू झाला आणि आमचा नोकरदार बसला. सगळ्या लूमची माहिती एका क्षणात आली, ती त्याला पेलवेना. मालकाच्या मोबाइलवर सगळे ठिपके लाल. मालक तेव्हा गाडीत होता. त्याने फोनवर मुकादमाला शिव्या घातल्या, मुकादमाने कारीगरांना. लूम चालू होत्या, माणसं घामाने भिजली होती, आणि त्यांना ‘बसलेत साले’ म्हटलं जात होतं. दुपारपर्यंत असं चाललं. मग आम्ही पैलवान लावला आणि ठिपके हिरवे झाले.

कंपनीचं नुकसान काकांनी ऐकून घेतलं. पण कारीगरांचं कळलं तेव्हा ते खुर्चीवर बसले. डबा उचलून मांडीवर घेतला आणि बसले. त्यांना बसलेलं मी पहिल्यांदा पाहिलं. “चालत्या लूमवरच्या माणसाला बसलेला म्हटलं,” ते म्हणाले, आणि हळू म्हणाले. त्यांचा हळू आवाजही मी पहिल्यांदाच ऐकला.

मॅनेजर केबिनमधून बाहेर आले. शेठ म्हणाला, “काका, फिटिंगनुं काम तो छे ज.” म्हणजे परीक्षेचं काम गेलं, फिटिंगचं आहेच. काकांनी त्याच्या ओठांकडे बघून मान हलवली. दुसऱ्या दिवशी ते ऑफिसला आले नाहीत. नंतर कळलं, ते बस पकडून चलथाणच्या पुढे त्या कारखान्यात गेले होते. गेटवर उभे राहून दिवसपाळीच्या प्रत्येक कारीगराला हात जोडून ‘चूक माझी’ म्हणाले. मग आत दोन दिवस उभे राहिले आणि तिथल्या दोन पाळ्यांची पूर्ण माहिती नव्या बिमासाठी घेऊन आले. आजही आम्ही तेच बीम वापरतो आणि मॅनेजरांनाही ते मान्य आहे.

आठवडाअखेरीस काकांनी काम सोडायचं ठरवलं. फिटिंगला नको म्हणाले, शिड्या चढणं होत नाही. जायच्या दिवशी सकाळी सातला ते आले आणि मला म्हणाले, जुनं बीम एकदा लाव, मग पुसून टाक. मी लावलं. नव्या बिमाच्या धक्क्यानंतर ती ठकठक फार संथ वाटत होती. काका खिळ्यांवरची झाकणं काढत होते.

अकरा चाळीसला खोका गप्प झाला. या वेळी काकांनी डोळे मिटले नाहीत. पडद्यावर सतरा नंबरसमोर लाल रेघ उमटायला लागली होती. त्यांनी तिच्यावर बोट ठेवलं. “हाऊ मी शे,” ते म्हणाले.

मला कळलं नाही. मग त्यांनी सांगितलं. त्या दिवशी सतरा नंबरचा धोटा मारणारा पट्टा तुटला. कारीगराने हात वर केला. काका गेले, नवा पट्टा कापला, बसवला, धोटा दोनदा फेकून पाहिला आणि लूम चालू केली. नऊ मिनिटं. “कापड कारीगरचं. ताका शेठचा. तीस वर्षं कामं केली, पण माझं काम कापडात कुठे दिसत नाही. लूम बंद आहे, तेवढाच वेळ जॉबर आहे. ही एवढी लाल रेघ म्हणजे मी.” काही महिन्यांनी खातं विकलं गेलं आणि अठ्ठेचाळीस लूम भंगारात तोलल्या गेल्या. सतरा नंबरही.

मग माझ्याने राहवलं नाही. मी त्यांच्यासमोर उभी राहून, ओठ नीट दिसतील असं, सगळं सांगितलं. पंप, एकदम चालू झालेल्या लूम, पावणेबाराला त्यांच्यासमोर उभी राहिलेली मी.

“तुले माहीत व्हतं?” त्यांनी विचारलं.

“हो काका.”

“मंग हात का बरं नही वर कया?”

मी म्हटलं, “तुमचा हात खोक्यावर होता.” याहून शहाणं उत्तर मला अजूनही सुचलेलं नाही. मला रडू आलं. मला वाटलं काका आता ओरडतील, खालचे एम्ब्रॉयडरीवाले जिन्यात येतील. ते म्हणाले, “खात्यात नवा कारीगर हात वर करत नसला, तर शेठ कारीगराला बोलतो. पण चूक जॉबरची असते. आपल्याकडे बघून हात वर करायची भीती वाटावी, असं काहीतरी जॉबरनेच केलेलं असतं.” मग त्यांनी कानातले कापसाचे बोळे काढले, उगाच बघितले आणि पुन्हा घातले. “अन् रडू नको. कीबोर्ड भिजना तं मी आते येवाव नही.” कीबोर्ड भिजला तर आता मी यायचा नाही. तेवढ्यात ठकठक सुरू झाली.

संध्याकाळी ते खोका माझ्या टेबलावर ठेवून गेले. हूक शेठला दिला. डबा विसरले, तो मी डिंडोलीला त्यांच्या घरी नेऊन दिला.

काका आता घरीच असतात. फोनचा उपयोग नाही, म्हणून रविवारी आम्ही व्हिडिओवर खुणांनी बोलतो. नव्या मशिनांची नावं मी त्यांनाच विचारते. परवा एका प्रकाराचं नाव त्यांनी ‘नवी सून’ ठेवलं, कारण ते सगळं निमूट करतं आणि कशाने दुखावतं ते कळू देत नाही. मशिनांची तुलना आता मी करते. वॉटरजेटचं बीम लावते, पूर्ण पाळी, तीन दिवस. मॅनेजर एकदा म्हणाले, तासाभरात होत नाही का? मी म्हटलं, होतं, पण जावई सापडत नाही. ते हसले आणि गेले. आता ऑफिसात मी कुणाशी अहिराणी बोलले तर आवाजही खाली आणत नाही.

जुनं बीम मी पुसलं नाही. काकांना ते सांगितलेलं नाही, मॅनेजरांनाही नाही. नवं मशीन आलं की तीन दिवसांनंतर मी चौथा दिवस काढते आणि त्याच्यावर ते अठ्ठेचाळीस लूमचं खातं चालवते. त्याचा निकालासाठी काही उपयोग नाही, हे मला पक्कं माहीत आहे. सातला सुरू होतं. कुणी सातला येतं, कुणी तंबाखू मळून सव्वासातला. अकरा चाळीसला सतरा नंबर बंद पडते आणि खोका गप्प होतो. मी उठून उभी राहते. एक तळहात खोक्यावर ठेवते आणि दुसरा हात वर करते. चहावाला आता विचारत नाही, कप ठेवून जातो. मी हात खाली घेत नाही, आणि नऊ मिनिटांनी लूम चालू होते.